न बदललेल्या पंपाचे 6,800 रुपये

गाडी रस्त्यावर ठणठणीत धावते आणि थांबली की बंद पडते, एवढ्या एका लक्षणावर कोणी तुम्हाला फ्युएल पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनला पोचवणारा पंप, विकत असेल तर पैसे काढण्याआधी हे वाचून घ्या.

माझी गाडी सेकंडहँड, पेट्रोलची, 2014 चं मॉडेल. आमचं शेत वडकीच्या बाजूला. गाडीत माणसांपेक्षा बियाण्याच्या पिशव्या आणि ढोरांसाठी सरकीची पोतीच जास्त फिरतात. उन्हाळ्यात तिनं नखरे सुरू केले. नागपूर-हैदराबाद हायवेवर ऐंशीनं मस्त पळायची, एसी लावून ओव्हरटेक केलं तरी पिकअप कमी नाही. पण ब्रेकर आला, क्लच दाबला, की इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा घसरत पाचशेवर यायचा, बॉनेट थरथरायचं आणि इंजिन गप्प. किल्ली फिरवली की लगेच चालू. सासूबाईंना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेताना तर प्रत्येक चौकात रेस देऊन ठेवावी लागली. मागचे हॉर्न वाजवतात, सासूबाई देवाचं नाव घेतात.

हायवेवरच्या एका मोठ्या गावातल्या गॅरेजात गाडी दाखवली. मिस्त्रीनं बॉनेट उघडून दोनदा रेस दिली आणि निकाल सांगितला, "पंप गेला भाऊ. प्रेशरच देऊन नाही राहिला. आता पेट्रोलमंधी वीस टक्के इथेनॉल येते ना, सगळ्यायचेच पंप जाऊन राहिले."

ही थाप पचते, कारण तिच्यात खऱ्याचा अंश आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना आणि सीलना त्याचा त्रास होऊ शकतो. चावडीवर रोज हीच चर्चा असते. पण प्रेशर कमी आहे हे सांगायला प्रेशर गेज लावावा लागतो. त्याच्या गॅरेजात गेज मला कुठं दिसला नाही, आणि कानानं प्रेशर ऐकणारा मिस्त्री अजून जन्मायचा आहे.

संध्याकाळी गाडी मिळाली. 6,800 रुपये घेतले. बिल मागितलं तर म्हणे, "बिल केलं तर जीएसटी लागन, तुमचंच नुकसान." जुना पंप मागितला तर तो भंगारवाला घेऊन गेला होता. गाडी मात्र खरंच सुधारली होती. थांबल्यावर बंद पडेना. फक्त काटा उभ्या गाडीत बाराशेवर असायचा आणि पेट्रोल जास्त लागायला लागलं. पावसाळा लागला तसं पुन्हा सुरू झालं. आधी एसी लावल्यावरच, मग कधीही. तेव्हा मिस्त्री म्हणाला, "आता ईसीएम गेलं दिसते. चौदा हजार धरून चाला." ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर.

चौदा हजार म्हटल्यावर गाडी तशीच हिंगणघाटला नेली. तिथं ओळखीचा एक वायरिंगवाला आहे. त्यानं कुठलाही नट न खोलता आधी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड निघाला पी 0505, म्हणजे आयडल कंट्रोलची गडबड. आयडल म्हणजे एक्सलेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असणं. मग एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढून मला आत टॉर्च मारायला लावली. थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या, पाकळीभोवती काळ्या, चिकट काजळीचं कडं जमलं होतं. बोट फिरवलं तर तव्याच्या बुडासारखं काळं.

आयडलला ही पाकळी जवळजवळ मिटलेली असते. तेव्हा इंजिन बाजूच्या एका बारीक वाटेनं हवा घेतं आणि किती घ्यायची ते आयडलचा व्हॉल्व्ह ठरवतो. ती वाट काजळीनं बुजली की उभ्या गाडीचा जीव गुदमरतो. त्यात एसीचा कॉम्प्रेसर लागला की वरून ओझं. एक्सलेटर दाबला की पाकळी उघडते, भरपूर हवा मिळते, म्हणून रस्त्यावर काही कळत नाही. पंपाचं बहुतेक वेळा उलटं असतं. आयडलला पेट्रोल सगळ्यात कमी लागतं, त्यामुळे थकलेला पंप आधी चढावर, ओव्हरटेकला, भरल्या गाडीत रडतो. माझी गाडी तिथं कधीच रडली नव्हती.

मग त्यानं थ्रॉटलजवळचा एक छोटा स्क्रू दाखवला. त्यावर कंपनीचा रंगाचा ठिपका असतो, तो तुटलेला होता आणि स्क्रूच्या खाचेत पान्याचे ताजे चकचकीत ओरखडे. हा स्क्रू पिळला की पाकळी किंचित उघडी राहते आणि आयडल वर चढतं. दुखणं तिथंच, फक्त काही दिवस झाकलेलं. पंप बदलल्यामुळे गाडी सुधारली असं मला वाटत होतं, ती करामत या स्क्रूची होती.

"पंप कुठं बसवला म्हणे?" त्यानं विचारलं आणि मागची सीट उचलली. माझ्या गाडीत पंप त्या सीटखालीच, टाकीच्या तोंडावर आहे. वरच्या पत्र्याच्या झाकणावर धुळीचा थर, त्यात सांडलेली सरकी, आणि चारही स्क्रूंच्या डोक्यांभोवती रुईचे झुबके घट्ट बसलेले. वर्षभरात त्या झाकणाला कोणाचा हातही लागला नव्हता. मी तिथंच फोटो काढले.

वायरिंगवाल्यानं थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह काढून क्लीनर स्प्रेनं धुतले, स्क्रू जागेवर आणला, चिरलेली एक रबरी नळी बदलली. सगळे मिळून 900 रुपये, कागदावर लिहून. केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या गाडीत मात्र पाकळी बोटानं ढकलू नका, असं त्यानं बजावलं. तिथं धुतल्यावर बऱ्याचदा स्कॅनरनं आयडल पुन्हा शिकवावं लागतं. आणि कोड वाचण्याआधी कोणाला बॅटरीची वायर काढू देऊ नका. इंजिनचा दिवा विझतो, कोडही पुसला जातो, आणि मग मिस्त्री सांगेल ते खरं.

फोटो घेऊन पहिल्या गॅरेजात गेलो. आधी म्हणाला, पोरगं विसरलं असन. मग म्हणाला, पंप खालून बसवला. टाकी उतरवून बसवला का म्हटल्यावर चार लोक जमले, तेव्हा गल्ल्यातून 3,000 काढून दिले आणि "बाकीचे दिवाळीनंतर" म्हणाला. मी थांबलो नाही. बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. बिल नसलं तरी पैसे फोनवरून दिले होते, त्याची नोंद बँकेत आहे. ती, झाकणाचे फोटो आणि हिंगणघाटचा कागद अशी फाइल करून ठेवली आहे. दिवाळीपर्यंत उरलेले 3,800 आले नाहीत तर यवतमाळला अर्ज जाईल.