२७ इंची मॉनिटर: १४४०पी की फोरके?

२७ इंचीत कुठला घ्यावा असं विचारलं की सगळे डोळे झाकून फोरके (३८४०×२१६० पिक्सेल; १४४०पी म्हणजे २५६०×१४४०) सांगतात, आणि कागदावर ते बरोबरच आहे म्हणा, इंचाला १०९ च्या जागी १६३ पिक्सेल मिळतात. माझ्याकडे फोरके घरी आणि १४४०पी ऑफिसात आहे, त्यामुळे जरा वेगळं सांगतो.

फोरकेवर मराठी वाचायला खरंच मजा येते. रफार, अनुस्वार, 'ष्ट्र'सारखी जोडाक्षरं एकदम सुटी सुटी, १४४० वर बारीक फाँटमधे तीच जरा चिकटतात. दिवसभर वाचन-लेखन किंवा फोटोचं काम असेल तर पुढचं वाचूही नका.

पण २७ इंचावर फोरके १०० टक्क्यांत कोण वापरतं? विंडोजमधे १५० टक्के स्केलिंग (सगळं दीडपट मोठं दाखवणं) करावंच लागतं, आणि ३८४० ला दीडने भागलं की आले ना परत २५६०! म्हणजे जागा १४४० एवढीच, फक्त अक्षरं रेखीव. इथपर्यंतही ठीक. माझं घोडं अडलं ते जुन्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरपाशी. त्याला स्केलिंग कळतच नाही, ते आपलं १०० टक्क्यांत खिडकी काढून देतं आणि विंडोज ते चित्र दीडपट ताणतं, आता एका पिक्सेलचे दीड कसे करणार, मग शेजारच्यात रंग मिसळतो आणि आकडे पुसट. रिझोल्यूशन नेटिव्हवरच (मॉनिटरच्या मूळ पिक्सेलइतकंच) आहे, तरी ती एक खिडकी धुरकट. ३ आहे का ८ हे बघायला पुढे वाकायचं, तेही फोरकेसमोर बसून! कंपॅटिबिलिटीत जाऊन हाय डीपीआयचं सेटिंग बदलता येतं, पण मग सगळं इतकं बारीक होतं की मेनूवर क्लिक लागत नाही.

१४४० ला ही भानगड नाही, १०० टक्क्यांवर ठेवा आणि विसरा. फक्त घरात कुणाला अक्षरं लहान वाटली म्हणून रिझोल्यूशन १९२० वर आणू देऊ नका, तिथे १.३३ पटीचा तोच घोळ होतो, टेक्स्ट साइज वाढवून द्या.

गेमवाल्यांना सांगायला नको, फोरकेला सव्वादोनपट पिक्सेल ढकलायचे असतात. मॅकवाल्यांचं मात्र उलटं, मॅकओएसच्या २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून अ‍ॅपलने सबपिक्सेल स्मूदिंग (पिक्सेलमधले लाल-हिरवे-निळे भाग वापरून अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणं) काढलंय, १४४० वर अक्षरं तितकीशी बरी दिसत नाहीत.

तुमचं सगळं सॉफ्टवेअर नवीन असेल तर फोरकेला नावं ठेवायला जागा नाही, असं मला तरी वाटतं. पण बिलिंग, टॅक्स, जुनी कस्टम सॉफ्टवेअरं रोज उघडत असाल तर... मी तरी ऑफिसात १४४०च ठेवलाय.