गटाची खासगी चर्चा: ओपनपीजीपी ईमेल, श्लॉयडर की सिग्नल?

सोलापुरात विडी कामगार बायकांच्या आरोग्यावर काम करणारा एखादा गट घ्या. दोन डॉक्टर, एक वकील, कुंभारीच्या घरकुलात फिरणाऱ्या चार-पाच कार्यकर्त्या. ईमेलमध्ये रुग्णांची नावं, तपासण्यांचे अहवाल, तक्रारींचे मसुदे. साध्या ईमेलवर हे सगळं सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर वाचता येईल अशा रूपात साठत राहतं. ज्या बायकांनी विश्वासाने माहिती दिली, त्यांच्यासाठी हे बदलायलाच हवं.

चर्चा मुख्यतः मोबाईलवर आणि छोट्या निरोपांची असेल तर सरळ सिग्नल हे निरोपांचं ॲप घ्या. तिथे निरोप किल्लीने, म्हणजे एका लांबलचक गुप्त आकड्याने, बंद होऊन जातात. आज एखादी किल्ली चोरीला गेली तरी जुने निरोप तिने उलगडत नाहीत आणि ठरावीक मुदतीनंतर निरोप आपोआप पुसताही येतात. नोंदणीला फोन नंबर लागतो. लांबलचक मसुद्यावर महिनाभर चाललेला खल मात्र तिथे नंतर शोधायला जड जातो.

तसं काम ईमेलवरच बरं, आणि तिथे ओपनपीजीपी, म्हणजे ज्याला लिहिलं त्यालाच वाचता येईल असं पत्र बंद करण्याची पद्धत. प्रत्येकाकडे किल्ल्यांची जोडी असते: सार्वजनिक किल्ली सगळ्यांना द्यायची, खासगी आपल्याजवळच. पत्र एका तात्पुरत्या किल्लीने एकदाच बंद होतं आणि ती तात्पुरती किल्ली प्रत्येकाच्या सार्वजनिक किल्लीने वेगवेगळी बंद होऊन सोबत जाते. म्हणून आठ जणांना पाठवलं तरी पत्र आठपट फुगत नाही. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममध्ये 2020 च्या 78 व्या आवृत्तीपासून ही सोय आतच आहे.

गटात अडचणी येतात त्या माणसांच्या बाजूने. एकाची जरी किल्ली तुमच्याकडे नसली तरी पत्र बंद होऊन जात नाही, आणि मग घाईत कुणीतरी ‘जाऊ दे, साधंच पाठव’ म्हणतं. एकाने उघडं उत्तर दिलं की खाली जोडलेली सगळी जुनी चर्चाही उघडी पडते. खासगी किल्ली फुटली तर त्या व्यक्तीला आलेली सगळी जुनी पत्रं वाचता येतात. कोणी कोणाला आणि कधी लिहिलं हे तर कायम दिसतंच. विषयाची ओळ थंडरबर्ड झाकतं, पण प्रत्येक प्रोग्रॅम झाकतोच असं नाही.

श्लॉयडर हा गटाच्या बंद ईमेलसाठी सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम. त्यात गटाचा एकच पत्ता आणि एकच किल्ली. सर्व्हर पत्र उघडतो आणि प्रत्येकासाठी पुन्हा बंद करून पाठवतो. सदस्यांचा ताप खूप कमी होतो, पण सर्व्हर ज्याच्या ताब्यात, त्याला सगळं वाचता येतं. तो चालवायला भरवशाचा जाणकार माणूस नसेल तर या वाटेला जाऊ नका.

वर सांगितलेल्या गटाला मी ओपनपीजीपीच सुचवेन, कारण सगळे एकाच शहरात आहेत. एका संध्याकाळी सात रस्त्याजवळ कुणाच्या तरी घरी बसा, किल्लीचा ठसा (तिची ओळख पटवणारी अक्षरं-अंकांची छोटी ओळ) एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवा आणि जुळला की थंडरबर्डमध्ये ती किल्ली मान्य करा. ही पडताळणी टाळली तर कुणी मध्येच आपली किल्ली घुसवू शकतो. त्याच बैठकीत प्रत्येकाने थंडरबर्डचा प्रायमरी पासवर्ड लावावा, नाहीतर लॅपटॉप हाती लागणाऱ्याला खासगी किल्लीही मिळते. तिची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात कुलपात ठेवा. किल्ली आणि प्रत दोन्ही हरवल्या तर स्वतःचीच जुनी पत्रं कधीच उघडणार नाहीत. कुणी गट सोडला की पुढच्या पत्रांतून त्याची किल्ली वगळता येते. आधी मिळालेली पत्रं मात्र त्याच्याकडेच राहतात, म्हणून रुग्णाचं पूर्ण नाव पत्रात लिहायचं की नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा.