पाऊण व्हायोलिन, अख्खी सुट्टी आणि मिरजेचे चाचा

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू दोन गोष्टींचा आहे. एक, ऑनलाइन घेतलेला थ्री-फोर (म्हणजे पाऊण) साइझचा व्हायोलिनचा सेट, ६,२०० रुपये. दोन, त्या सेटमधून नीट सूर निघावा म्हणून मिरजेच्या एका कारागिराने जे काय केलं ते, १,१५० रुपये. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण तीन-चार वेगवेगळ्या नावांखाली डिट्टो तोच फोटो, तीच पेटी आणि तोच लाल अस्तराचा कपडा बघितलाय, त्यामुळे एकट्यालाच कशाला धरा. आणि कारागिराचं नाव लिहीत नाही कारण त्यांनीच हात जोडून सांगितलं की नका टाकू, एकटा माणूस आहे, आहे तेच काम उरकत नाही.

आता पार्श्वभूमी. आम्ही पुण्यात, कन्या दहा वर्षांची, दोन वर्षं व्हायोलिन शिकतेय, आपलं हिंदुस्थानी, मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवून. इतके दिवस क्लासचं हाफ साइझ वापरत होती. मार्चमध्ये सरांनी टेप लावली, गळ्यापासून तळहाताच्या मध्यापर्यंत हात भरला साडेबावीस इंच, म्हणाले आता थ्री-फोर घ्या, फुल साइझ घ्यायची घाई करू नका, हात ताणून वाजवायची सवय लागली की नंतर मोडता येत नाही. मी म्हटलं दोन वर्षांत हेही लहान होणार, मग कशाला महागाचं. इथेच चुकलो. म्हणजे स्वस्त घेतलं ही चूक नव्हती, पेटी उघडली आणि लगेच वाजवायला दिलं ही चूक.

पेटीत काय काय होतं, तर व्हायोलिन, गज (तारांवर फिरवायचा तो बो), गजाच्या केसांना घासायची रोझिनची वडी, एक्स्ट्रा तारांचा सेट, शोल्डर रेस्ट (मांडी घालून वाजवणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य, सध्या धाकटा त्याचा पूल करून गाड्या चालवतो) आणि पाठीला लावायची केस. केस मात्र चांगली आहे हो, चेन मजबूत, खिसे दोन. अख्ख्या सेटमध्ये केसला मी पाचपैकी पाच देईन.

व्हायोलिन दिसायला झकास. पण घोडी, म्हणजे तो ब्रिज, वेगळा काढून कागदात गुंडाळलेला, तो आपणच उभा करायचा. केला यूट्यूब बघून. त्याचे पाय व्हायोलिनच्या पोटाच्या गोलाईला बसतच नव्हते, एका बाजूने पोस्टकार्ड आत जाईल एवढी फट. तारा इतक्या उंच की पोरगी दहा मिनिटं वाजवायची आणि बोटांची टोकं लाल करून बसायची, आणि नुसती लाल नाही, काळी पण, कारण बोटांखालची ती काळी पट्टी एबनीची नसून कुठल्या तरी साध्या लाकडाला रंग दिलेला, तो रंग मींड घेताना, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर बोट सरकवताना, बोटाला यायचा. आपल्याकडे बोट तारेवरून सरकायला थेंबभर खोबरेल लावतात ना, त्या तेलाने तर रंग अजूनच सुटायचा. आई म्हणाली काय गं, काजळ करून आलीस का.

पण सगळ्यात मोठी कटकट खुंट्यांची. पुण्याचा एप्रिल म्हणजे हवेत ओल नावाला नाही, लाकूड आक्रसतं आणि खुंटी भोकात धरतच नाही, लावलेला सूर चहा पिऊन येईपर्यंत उतरलेला. त्यात वेस्टर्नवाले जी-डी-ए-ई लावतात आणि आपल्याकडे बरेच जण प-सा-प-सां लावतात, म्हणजे त्याच तारा काही जास्त ताणायच्या, काही ढिल्या सोडायच्या, सारखं पिरगाळणं आलंच.

सुट्टीचं वेळापत्रक ऐका. शाळा सुटली ती एप्रिलच्या शेवटी. मेच्या पहिल्या आठवड्यात गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक परीक्षा. सकाळी सहाला रियाज, कारण साताला स्विमिंग. स्विमिंगला आम्हीच घातलं आणि आम्हीच रोज पस्तावलो, ओल्या फुगलेल्या बोटांनी दहा वाजता परत व्हायोलिन. दुपारी शाळेचा प्रोजेक्ट. संध्याकाळी क्लास, आणि सरांचा सुट्टीतला अभ्यास म्हणजे रोज अर्धा तास व्हायोलिनवादक एन. राजम यांचं रेकॉर्डिंग ऐकायचं, नुसतं ऐकायचं, की व्हायोलिन गळ्यासारखं गातं म्हणजे काय. हा एकच भाग घरात सगळ्यांना आवडला, बायको त्या वेळात भाजी निवडायची आणि मी काही न करता बसायचो. मग १२ तारखेपासून सांगली, ताईच्या मुलाची मुंज, आणि ताईने परस्पर सगळीकडे सांगून टाकलेलं की जेवणानंतर भाची व्हायोलिन वाजवणार आहे.

परीक्षेचं थोडक्यात सांगतो. भूप राग सुरू केला आणि दुसऱ्या मिनिटाला कर्रर्र करून खुंटी सुटली. परीक्षक बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या लाव बाळा सावकाश. लावला, परत सुटली. तिसऱ्यांदा पोरीने डाव्या हाताने खुंटी आत दाबून सूर मिळवला, तोही टिकेना, मग उरलेल्या तीन तारांवरच जमेल तेवढं वाजवून आली. बाहेर आल्यावर माझ्याशी बोलली नाही. बाबांनी घेतलेलं व्हायोलिन ना.

मग सांगली. कोयना एक्सप्रेसने गेलो, खिडकीशी केस ठेवली तर उन्हाने रोझिनची वडी मऊ होऊन फडक्याला चिकटली. (उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर व्हायोलिन अजिबात ठेवू नका, चांगल्या वाद्यांचा सरस ढिला पडतो म्हणतात. आमच्यात सरस आहे की फेव्हिकॉल देव जाणे.) वाटेत सातारा आलं तेव्हा मी तिला सांगितलं, व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग इथल्या वाईचे बरं का, १९२२ चा जन्म, तर म्हणाली त्यांच्या खुंट्या सुटत नसतील.

मुंजीच्या दोन दिवस आधी बारीक तार तुटली. मी हिरो, म्हटलं एक्स्ट्रा सेट आहेच, चारही बदलून टाकू, नवाकोरा आवाज येईल. चारही एकदम काढल्या. घोडी आडवी झाली ते दिसलं, पण त्याबरोबर आत टक् असा आवाज आला आणि हलवलं की खुळखुळ. भाच्याला वाटलं आत गोटी आहे. ती गोटी नसते, तो साउंडपोस्ट असतो. घोडीच्या एका पायाजवळ, पोट आणि पाठ यांच्या मध्ये उभी केलेली एक छोटी काडी, तिला गोंद नसतो, तारांच्या दाबानेच ती अडकून उभी राहते. दाब गेला की पडली. म्हणून तारा बदलताना एक काढायची, ती बसवायची, मग दुसरी. हे मला त्या रात्री साडेअकराला मोबाइलवर कळलं. पोरगी रडून झोपलेली, आणि बायको काहीच बोलत नव्हती, ते जास्त वाईट.

सकाळी भावोजी म्हणाले अहो मिरज आहे की, चला. सांगली-मिरज दहा किलोमीटर, वीस-पंचवीस मिनिटांत सतारमेकर गल्लीत. हे मात्र ज्यांनी बघितलं नाही त्यांनी बघाच. दोन्ही बाजूंना तंबोऱ्याचे भोपळे वाळत लटकलेले, मोठे-मोठे, कोणी पॉलिश पेपर मारतंय, कोणी जवारी लावतंय, म्हणजे तारेखालची घोडी घासून सूर घुमता करतंय, एकच तार छेडायची, कान लावायचा, कानस फिरवायची, परत छेडायची. शिकलगार मंडळी ही, पूर्वी हत्यारं करायची, मग त्यांच्यातल्या फरीदसाहेब नावाच्या कारागिरापासून सतारी-तंबोऱ्यांकडे वळली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले. एवढंच काय, आमच्या पोरीची ज्या मंडळाची परीक्षा होती त्यांची कचेरीसुद्धा मिरजेत. मी म्हटलं बाई, कचेरीत नको जायला, तिथे तुझे मार्क आले असतील.

व्हायोलिन हे काही या गल्लीचं वाद्य नाही, दोन दुकानांनी तसं स्पष्ट सांगून परत पाठवलं, मला आवडलं ते. तिसऱ्या ठिकाणी चाचा. सत्तरीचे असतील, चष्म्याला दोरी. व्हायोलिन कानाशी हलवलं, हसले.

"तारा सगळ्या एकदम काढलासा व्हय?"

म्हटलं हो.

"समदे तसंच करत्यात. बसा."

मग त्यांनी जे केलं ते आम्ही चौघं दोन तास बघत होतो. आधी व्हायोलिनच्या पोटावर ठिकठिकाणी बोटाच्या गाठीने ठोकून ऐकलं, भोपळा ठोकून बघतात तसं. मग सायकलच्या तारेचा स्वतः वाकवून केलेला एस आकाराचा हूक काढला, काडीला त्याचं टोक टोचलं आणि पोटावरच्या त्या वळणदार भोकातून आत घातली. मोबाइलचा टॉर्च पोरीने धरला. काडी पडली, परत टोचली, परत पडली, मी मोजत होतो, सहाव्यांदा उभी राहिली, मग हुकाच्या दुसऱ्या टोकाने केसभर इकडे, केसभर तिकडे. पोरीचा श्वास अडकलेला. चाचा तिलाच विचारत होते, "सरळ दिसतीया का बाळ?" आणि ती म्हणाली थोडी डावीकडे झुकलीय, तर त्यांनी खरंच परत काढून नीट केली.

घोडीचं त्यांनी असं केलं की व्हायोलिनच्या पोटावर पॉलिश पेपर पालथा घालून, म्हणजे खरखरीत बाजू वर, त्यावर घोडीचे पाय हळूहळू घासले, म्हणजे पोटाची जी गोलाई तीच पायांना येते. मग वरची कड सुरीने उतरवली. मग खुंट्यांच्या बाजूची ती छोटी पट्टी, जिला ते अटी म्हणत होते, तिच्यातल्या खाचा कानसीने खोल केल्या, तेव्हा कुठे तारा बोटाखाली आल्या. खुंट्या चारही काढून पॉलिश पेपरने गोल केल्या, वर खडू आणि जराशी साबणाची वडी. खडू धरायला, साबण फिरायला. आणि तार गुंडाळताना शेवटचा वेढा आतल्या भिंतीला टेकवायचा म्हणजे खुंटी आपोआप आत ओढली जाते, हे त्यांनी मला नाही, तिला शिकवलं, तिच्याच हाताने एक तार चढवून घेतली. मला म्हणाले तुम्ही हात लावू नका आता.

तक्रारी पण लिहितो, नाहीतर म्हणाल जाहिरात आहे. एक, आधी सांगितलेलं की एक तासात देतो, लागले साडेतीन, मध्ये ते नमाजाला आणि जेवायला गेले आणि आम्ही मेच्या उन्हात पायरीवर भडंग खात बसलो. दोन, गजाचं काम ते करत नाहीत. आमच्या गजाचे केस अर्धे गळलेत, वर त्याला खोबरेल लागलंय आणि तेल लागलेल्या केसांवर रोझिन धरतच नाही, त्यासाठी वेगळा माणूस शोधा म्हणाले, पत्ता काही दिला नाही. तीन, काळ्या पट्टीचा रंग तसाच आहे, बोटं अजून काळी होतात. चार, यूपीआय नाही, रोख, आणि भावोजींकडून पाचशे उसने घ्यावे लागले ते त्यांनी मुंजीत सर्वांना सांगितलं.

आवाज? मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण आधी जो डब्यातून आल्यासारखा यायचा तो आता समोरून येतो. चाचांनी तिला वाजवायला लावलं, तिने भूपाची सरगम वाजवली, तर समोरच्या दुकानात जो मुलगा तंबोऱ्याची जवारी लावत होता त्याने न सांगता त्याचा षड्ज तिच्या सुराला मिळवला आणि छेडत राहिला. पाचेक मिनिटं चाललं असेल. चाचा काहीच बोलले नाहीत, कानस पुसत बसले.

मुंजीत वाजवलं. कार्यालयात पंखे घरघरत होते, मागच्या पंगतीला अजून मठ्ठा वाढत होते, माइक कोणी गजाच्या टोकाजवळ ठेवलेला, तरी भूप आणि एक भजन झालं, खुंटी एकही सुटली नाही. बटूने पहिल्या रांगेत बसून गोटा केलेलं डोकं हलवत दाद दिली. परत येताना कोयनेतही सूर फक्त किंचित उतरलेला.

आता हिशोब. ६,२०० अधिक १,१५०, आणि अजून गज घ्यायचाय, दीड-दोन हजार धरा, म्हणजे नऊ हजारांच्या घरात. सर म्हणतात एवढ्यात कोणाचं तरी वापरलेलं पण नीट सेटअप केलेलं मिळालं असतं. मुलं वाढतात, तशी ही व्हायोलिनं घराघरात माळ्यावर पडलेली असतात, क्लासमध्ये विचारायचं होतं. नवीनच घ्यायचं असेल तर व्हायोलिनच्या किमतीबरोबर सेटअपचे हजार-दीड हजार आधीच धरून चाला आणि पेटी घरी न उघडता थेट जाणकाराकडे न्या.

रेटिंग: सेटला दोन स्टार, त्यातला एक केसचा. चाचांना साडेचार, अर्धा त्या पायरीवरच्या उन्हाचा.

काल कंपनीचा मेसेज आला, आमचं व्हायोलिन कसं वाटलं, फोटोसह रिव्ह्यू द्या, शंभर रुपयांचं कूपन मिळेल. मी फोटो काढला तर कन्या म्हणाली, बाबा हा नको, यात घोडी चाचांची दिसतेय.