दापोलीतलं जुनं घर आणि खरेदीआधीची तपासणी: एक पावसाळा उलटल्यावर

आधी निकाल सांगते: घर घेण्याआधी इंजिनिअरकडून त्याची तपासणी करून घेतली, तिचे पैसे वसूल झाले. आम्हाला धास्ती होती ती जुन्या लाकडाची आणि मातीत रचलेल्या भिंतींची. अहवालाने बोट ठेवलं ते मात्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांत झालेल्या दुरुस्त्यांवर. मूळ घर बऱ्यापैकी धडधाकट होतं, खोट होती ती त्यावर मागाहून थापलेल्या सिमेंटमध्ये आणि चढवलेल्या पत्र्यात.

घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून बरंच आत, डोंगराच्या उतारावर. जांभ्याचे चिरे, बांधकाम मातीत, बाहेरून चुन्याने दरजा भरलेल्या. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि वर पोटमाळा. वय नव्वदच्या घरात, तेही गावातल्यांच्या आठवणीवरून. या भागात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे इथे घर बघायचं म्हणजे मुळात पाणी बघायचं.

शहरात स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, हा शब्द आता सोसायटीच्या सभेत सर्रास असतो. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना ते करून घ्यावंच लागतं. खेड्यातल्या कौलारू घराला असं कसलंच बंधन नाही, त्यामुळे ठरलेला नमुना नाही आणि ठरलेला दरही नाही. पहिल्या इंजिनिअरने फोनवरच रिबाउंड हॅमर टेस्टचा खर्च सांगितला. ते यंत्र काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतं. आमच्या घरात काँक्रीट होतं ते मोरीपुरतं. दुसऱ्याने आधी प्रश्न विचारले: बांधकाम मातीत की चुन्यात, बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे का, घराच्या वरच्या अंगाला काय आहे, विहीर कुठे? त्याला बोलावलं. फी २२ हजार, शिवाय येण्याजाण्याचा खर्च. आमच्या ओळखीत यावर बरीच थट्टा झाली. विकणारे काका डोंबिवलीला असतात. ते म्हणाले, "अगो, नव्वद पावसाळे काढलेत त्या घराने. तुझा इंजिनिअर एका दिवसात त्याचं काय बघणार?"

दिवसभर बघितलं. सामान अगदी साधं होतं: शिडी, टॉर्च, हातोडी, एक अणकुचीदार टोच्या, पाणसळीची नळी आणि ओलावा मोजायचं मीटर. पोटमाळ्यावर पालथं पडून प्रत्येक वाशाला टोच्या लावून पाहिला. आत घुसला की खडूची फुली. मीटरचा आकडा त्याने लाकडापुरताच धरला. वीस टक्क्यांच्या वर ओलावा राहिला की बुरशीला वाव मिळतो, म्हणून तिथे खूण. भिंतीवर मीटर टेकवून पाहिलं, पण ते आकडे लिहिलेच नाहीत. चिऱ्यात क्षार असले की कोरड्या भिंतीतही मीटर ओल दाखवतं, म्हणे. हे ऐकून माझा त्याच्यावरचा विश्वास वाढला, कारण मीटरचे आकडे दाखवून गिऱ्हाईकाला घाबरवणं फार सोपं असतं.

मग त्याने विहिरीवरून बादल्या आणून अंगणात पाणी ओतलं. पाणी उलटं आलं, जोत्याच्या दिशेने. मूळ अंगण शेणाने सारवलेलं आणि जोत्यापासून बरंच खाली असणार. नंतर कोणीतरी सोय म्हणून त्यावर सिमेंटचा कोबा केला, पुढे त्यावर आणखी एक थर. जोतं अर्ध्याहून अधिक गाडलं गेलं आणि उतार फिरला. पागोळीचं पाणीही कोब्यावर आपटून भिंतीवर उडत होतं. बघायला आलो तेव्हा आम्हाला ते अंगण स्वच्छ, नीटनेटकं वाटलं होतं.

मागची भिंत तर याचं पाठ्यपुस्तकच. तिला बाहेरून सिमेंटचा जाड गिलावा होता. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि वाऱ्यावर टणक होत जातो. त्यात शिरलेली ओल चुन्याच्या दरजांतून आणि उघड्या अंगातून हळूहळू बाहेर पडते. सिमेंटने तोंड बंद केलं की ती आतच मुरते. हातोडीचा आवाज पोकळ आला म्हणून त्याने काकांच्या परवानगीने गिलाव्याचा एक तुकडा काढला. आतला चिरा बोटाने खरवडून निघत होता, लाल भुकटी. समोरच्या भिंतीला कोणी हात लावला नव्हता. तिथे तोच चिरा, तीच माती, तितकीच वर्षं. पण हातोडी खणखणीत वाजली.

छपराचं प्रकरण आम्हाला अजिबात सुचलं नसतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगड भागात असंख्य घरांची कौलं उडाली, याही घराच्या मागच्या पाख्याची गेली. तेव्हा कौलं आणि माणसं दोन्ही मिळत नव्हती, म्हणून लोखंडी पाइपचा सांगाडा करून वर पत्रा घातला. पाइप भिंतीच्या वरच्या थरावर नुसते टेकवून सिमेंटच्या गोळ्याने चिकटवलेले. मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचं. चौरस मीटरला पंधराएक बसतात. ते छप्पर बरंचसं स्वतःच्या वजनाने जागेवर राहतं. पत्रा हलका. वारा त्याला खालून उचलतो, त्यामुळे त्याला भिंतीशी बांधून घ्यावं लागतं, आणि मातीत रचलेल्या भिंतीच्या वरच्या दोन थरांना बांधणं म्हणजे न बांधल्यासारखंच. अहवालातलं वाक्य असं होतं की पुढच्या मोठ्या वाऱ्यात पत्रा गेला तर वरचे चिरेही घेऊन जाईल. उपायही दिला होता: छपराखालच्या लाकडी पाटापासून लोखंडी पट्ट्या आतल्या अंगाने चार-पाच फूट खाली न्यायच्या आणि भिंतीतून आरपार बोल्टने आवळायच्या, म्हणजे भिंतीचं वजन छपराला धरून ठेवतं. गावातल्या फॅब्रिकेटरने हे काम मे महिन्यात दोन दिवसांत केलं.

ईशान्येच्या कोपऱ्यात जोत्यापासून छपरापर्यंत भेग आहे. गावात सगळे ती ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची म्हणतात. असेलही. इंजिनिअरला भेगेच्या जन्मापेक्षा ती आज वाढतेय का यात रस होता. त्याने तिच्यावर दोन ठिकाणी काचेच्या पातळ पट्ट्या चिकटवून तारीख घातली. पूर्ण पावसाळा उलटला तरी काचा अखंड राहिल्या, मगच आम्ही ती भेग भरली.

अहवाल तीसेक पानांचा, फोटोंसकट. कामांची वाटणी तीन गटांत: पावसाआधी, वर्षभरात, नुसतं लक्ष ठेवा. खरी उपयुक्त यादी मात्र शेवटच्या पानावर होती, 'पाहता आले नाही' म्हणून. भिंतीत गेलेली वाशांची टोकं, स्वयंपाकघराच्या लाद्यांखालची जमीन, भाताच्या पोत्यांमागची भिंत, शोषखड्ड्याचं आतलं अंग. कोणी असा अहवाल करून घेणार असेल तर ते पान आधी वाचा आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी बिघडलेल्या निघतील असं धरून पैसे बाजूला ठेवा. आमच्याकडे दिवाळीनंतर मागचा गिलावा काढला तेव्हा ज्या सहा वाशांची टोकं उघडी पडली त्यातल्या चारांचा भुसा झाला होता. बाकी पूर्ण वासे ठणठणीत, फक्त सिमेंटमागे कोंडलेली टोकं गेलेली.

आता उणी बाजू. तपासणी फेब्रुवारीत झाली. कोकणात फेब्रुवारीत सगळीच घरं कोरडी दिसतात. जुलैत माजघराच्या वरच्या अंगाच्या कोपऱ्यात जमिनीतून पाण्याचे उमाळे फुटले आणि दोन आठवडे आम्ही तिथे पोती टाकून होतो. डोंगराचं पाणी जोत्याखालून येत होतं. शेजारच्या वहिनी सहज म्हणाल्या, "तिथे दर वर्षी येतं, आजी असताना त्या बाजूला चर मारायचे." चर बुजून गेला होता आणि त्यावर अबोलीची रोपं होती. अहवालात वरच्या उताराबद्दल एक ओळ आहे, "पावसाळ्यात पाहणी करावी" इतकीच. इंजिनिअरने शेजाऱ्यांशी अर्धा तास बोलायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. त्यालाही ते पटलं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तो फी न घेता येऊन गेला. चर आता पुन्हा खणलाय, आधीपेक्षा खोल.

दुसरी गोष्ट तुळईची. माजघरावरच्या मुख्य तुळईला वाळवी लागलेली होती आणि अहवालाने ती काढून लोखंडी गर्डर टाकायला सांगितलं होतं. खर्च मोठा आणि गर्डर आणायचा तर ओटीचं दार उखडावं लागलं असतं. सुतारकाकांनी तासणीने वरचं खाल्लेलं लाकूड काढून दाखवलं. वाळवीने बाहेरचं पांढरं, कोवळं लाकूड संपवलं होतं, आतला ऐनाचा गाभा तसाच. फक्त भिंतीकडचं एक टोक कमजोर होतं, तिथे नवा तुकडा सांधून बोल्ट मारले आणि खाली खांब दिला. इंजिनिअरला फोटो पाठवले, त्याने सांध्याची लांबी थोडी वाढवायला सांगून मान्यता दिली. कागदावर सही करणारा माणूस सावध लिहिणार, हे धरूनच चालायचं. पण मुरलेल्या सुताराला अहवालाच्या आधी दाखवलं असतं तर तो म्हणाला असता "काही नाही होत", आणि छपराच्या पट्ट्या कधीच बसल्या नसत्या. दोघेही लागतात, याच क्रमाने.

चुन्याच्या कामाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर वेगळंच लिहावं लागेल. अहवालात "चुन्याचा गिलावा" हे दोन शब्द आहेत. ते करणारा गवंडी शोधण्यात आमचा ऑक्टोबर गेला. भिंती रंगवायला दुकानात मिळणारी चुन्याची पुडी इथे कामाची नाही, चुना भिजवून मुरवावा लागतो. आणि आपण पाठ फिरवली की माणसं त्यात हळूच सिमेंट टाकतात, "थोडंसं, पकड यायला." तीस वर्षांपूर्वीही असंच झालं असणार.

पैशांचा हिशोब: अहवाल दाखवून काकांशी बोललो. आधी रागावले, मग मागच्या भिंतीचा फोटो बघून गप्प झाले आणि किंमत दीड लाखाने कमी केली. दुरुस्तीला त्याहून बराच जास्त खर्च आला. पण क्रम बरोबर लागला. आम्ही ठरवलं होतं की आधी लाद्या आणि रंग. अहवालाने ते सगळ्यात शेवटी ढकललं. पावसाआधी फक्त कोबा फोडला, अंगण खाली नेलं, पागोळीखाली दगडगोट्यांचा चर केला आणि छप्पर पट्ट्यांनी भिंतीशी बांधून घेतलं. यातलं कोबा फोडणं सगळ्यात स्वस्त आणि त्याचाच गुण सर्वांत मोठा. कंबरेपर्यंत असलेली समोरच्या खोलीतली ओल सप्टेंबरात गुडघ्याखाली आली आणि आता जोत्यालगतच्या थरात तेवढी उरली आहे.

बँकेचा व्हॅल्युएशन रिपोर्ट म्हणजे ही तपासणी नव्हे. त्यात घराची किंमत असते, वाशांची टोकं नसतात. तसंच या तपासणीत जमिनीचं काहीच येत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा कागद, मालकीचा पुरावा नव्हे. आमचं घर गावठाणाबाहेर, सातबाऱ्यावरच्या जमिनीत असल्याने घेणारा शेतकरी असावा लागतो. माहेरच्या सातबाऱ्यावर माझं नाव असल्याने ते जमलं. वारसांच्या सह्या, मोजणी, वाट कोणाच्या जमिनीतून जाते हे वकिलाचं आणि भूमि अभिलेखचं काम. ते निभावल्याशिवाय तपासणीवर पैसे घालू नयेत. सात वारसांपैकी एकाने अडवलं तर वाशांचा अहवाल घेऊन काय करणार?

कोणाला सांगणार नाही? घर पाडून नवं बांधायचंच ठरलं असेल तर उगीच खर्च करू नये. राहायचं असेल, निदान मे महिना आणि गणपतीपुरतं, तर जरूर करून घ्यावी, पण दोन भेटी ठरवून: एक खरेदीआधी, एक भर जुलैत. दुसऱ्या भेटीचे पैसे आधीच बोलून ठेवावेत.

आमच्या यादीतलं एकच मोठं काम राहिलंय. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला आहे, आणि जांभा सच्छिद्र, त्यातून पाणी सहज झिरपतं. अहवालात हे "वर्षभरात" या गटात होतं. आम्ही प्रयोगशाळेत पाणी तपासून घेतलं, त्यात जिवाणू निघाले, तेव्हा आम्हीच ते वर ओढलं. नवा खड्डा घराच्या खालच्या अंगाला आखून झालाय, खणायला माणसं फेब्रुवारीत येणार आहेत. तोवर विहिरीचं पाणी उकळून पितो आणि विहिरीत क्लोरीन टाकतो.