सापाचं चित्र असलेली वस्तू घेऊ नका: गणपतीआधीच्या खरेदीचं परीक्षण

श्रावण लागला की गावी जाणाऱ्या मुंबईकरांच्या खरेदीत मखर, कापूर आणि वातींच्या जोडीला हल्ली 'साप पळवणारं काहीतरी' हमखास असतं. कारणही तसंच आहे. मे महिन्यात कुलूप लावलेलं घर थेट भाद्रपदात उघडतं. तोवर खळ्यात कमरेएवढं गवत माजलेलं असतं, गडग्याच्या चिऱ्यांत उंदरांनी बिळं केलेली असतात आणि अंगणाला लागून भात उभं असतं. घोणशीची पिल्लं पावसाच्या तोंडाशी जन्मतात, नागाची अंडीही त्याच सुमारास फुटतात, त्यामुळे गणपतीत वीतभर लांबीची पिल्लंही फिरत असतात. पिल्लू लहान असलं तरी विष पहिल्या दिवसापासून असतं. आरे, येऊर, गोराई, मनोरी इथे बैठ्या घरात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

निकाल आधीच सांगून टाकतो. पाकिटावर फणा काढलेल्या नागाचं चित्र असलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू पैसे पाण्यात घालणारी आहे. ज्या वस्तू खरंच उपयोगी पडतात त्यांच्यावर सापाचा साधा उल्लेखही नसतो.

सगळ्यात जास्त खपतो तो सोलरचा खुंटा. वर पत्त्याएवढं सोलर पॅनल, खाली प्लॅस्टिकचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा टोकदार दांडा, आत एक मोटर, जी ठरावीक सेकंदांनी गुर्रर्र करते. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'अल्ट्रासॉनिक' आणि मागे बारीक अक्षरात ४०० हर्ट्झ. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही: अल्ट्रासॉनिक म्हणजे २०,००० हर्ट्झच्या वरचा आवाज. तो माणसालाही ऐकू येत नाही आणि सापाला तर त्याहून नाही. सापाला बाहेरचा कान नाही. जबड्याच्या हाडातून आतल्या कानापर्यंत पोचणारी जमिनीची थरथर आणि अगदी खालच्या पट्टीतले आवाज एवढंच त्याला कळतं. म्हणजे ४०० हर्ट्झची थरथर सापाला जाणवेल, हे खरं. पण जाणवली म्हणजे तो निघून जाईल, असं नाही. ठरावीक वेळाने तोच तो धक्का येत राहिला, त्यातून काही वाईट झालं नाही, की जनावर त्याला सरावतं.

खरी मेख पुढेच आहे. पायाच्या आवाजाने सटकतात ते धामण, दिवड, बऱ्याचदा नागसुद्धा. घोणस आणि फुरसं जागचे हलत नाहीत. अंगावरच्या नक्षीवर भरवसा ठेवून पाचोळ्यात पडून राहणं हाच त्यांचा बचाव. म्हणजे यंत्राने समजा काम केलंच, तर जो बिनविषारी साप उंदीर खाऊन उपकार करतो तोच जाईल आणि ज्याच्यावर पाय पडायची भीती तो तिथेच राहील. शिवाय कोकणातला पाऊस: ढगाळ दिवसांत बॅटरी भरत नाही, झाकणाच्या फटीतून पाणी शिरून आतले स्प्रिंग गंजतात आणि जांभ्याच्या कातळात खुंटा ठोकायला गेलं की दांडा वाकतो. भुसभुशीत चिखलात तो जातो, पण तिथे थरथर हातभरही पोचत नाही. पाचपैकी शून्य.

पावडरी, गोळ्या आणि द्रावणं यांचं गणित याहून वाईट, कारण यंत्र निदान कुणाला इजा करत नाही. बहुतेकांत गंधक आणि नॅफ्थलीन, म्हणजे डांबरगोळीतलाच माल असतो. काहींत लवंग-दालचिनीचं तेल. साप जीभ बाहेर काढून वास टिपतो, टाळूतल्या खास इंद्रियाकडे नेतो, म्हणून उग्र वासाची रेघ तो ओलांडणार नाही, असा तर्क. ओलांडतो. तेलाचा फवारा थेट अंगावर पडला तर साप तिथून सुटतो, पण जमिनीवर टाकलेल्या दाण्यांची भिंत होत नाही. त्यात एक सर आली की सगळं वाहून जातं. नॅफ्थलीन लहान मुलाच्या तोंडात गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, विशेषतः ज्यांना जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी आहे अशा मुलांत. गावच्या घरात दहा-बारा नातवंडं रांगत-धावत असताना ओटीच्या कडेला हे पसरणं म्हणजे नसती आफत. कार्बोलिक आम्ल तर घरात आणूच नये, कातडी भाजते. फिनेल न्हाणीघर धुवायला चांगलं, त्यापलीकडे त्याला काम नाही.

सर्पदंशाचा 'किट' म्हणून पिवळा सक्शन पंप आणि ब्लेड असलेली डबी ऑनलाइन मिळते. पंपाने निघतं ते रक्त आणि पाणी. विष जवळपास आतच राहतं आणि जखमेची चामडी मात्र फाटते. साप धरायचा चिमटाही मिळतो. नवख्याच्या हातात तो सापाच्या बरगड्या मोडतो आणि चिडलेला साप हातभर अंतरावर आणून ठेवतो. शिवाय परवानगीशिवाय साप धरायला बंदी घालणारा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहेच. दोन्ही बाद.

आता कामाच्या वस्तू.

पहिला मान गमबुटाला. मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा कुठल्याही सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात काळा पीव्हीसीचा बूट मिळतो. लोखंडी टोपी असलेला घ्यायची गरज नाही, तो बांधकामासाठी. उंची पोटरीच्या मध्याच्या वर हवी, म्हणजे १४-१५ इंच. शेतावरचे बहुतेक दंश पावलाला आणि घोट्याला होतात. मुलांचे रंगीत रेनशूज घोट्याशीच संपतात, ते यात धरू नका. बूट पोटरीला चिकटून बसणारा नको. रबर आणि कातडीमध्ये बोटभर पोकळी असली तर दात रबरातून आत आले तरी कातडीपर्यंत पोचायला अंतर राहतं. मोठ्या घोणशीचे दात लांब असतात, त्यामुळे बूट म्हणजे चिलखत नव्हे, पण चपलेशी त्याची तुलनाच नाही. घोट्यापाशी मात्र तो नीट बसला पाहिजे, नाहीतर भाताच्या चिखलात पाय वर येतो आणि बूट खाली राहतो. जाड सुती मोजा घालून माप बघा, साधारण एक नंबर मोठा लागतो. आत कापडी अस्तर असलेला घेऊ नका, पावसात तो चार दिवस वाळत नाही आणि बोटांत चिखल्या होतात. तळव्याच्या खाचा खोल हव्यात, शेवाळलेल्या जांभ्यावर गुळगुळीत तळवा घसरवतोच. ठेवताना उलटा ठेवा, घालण्याआधी आपटून झटका. विंचवाला आणि कवड्या सापालाही ही जागा आवडते.

बॅटरी, म्हणजे टॉर्च. आरतीला या घरातून त्या घरात जाताना मेरेवरून मोबाइलच्या उजेडात चालणं सोडा. तो उजेड पांढुरका, पसरट, चार पावलांपलीकडे काही दाखवत नाही. '१०,००० लुमेन' छापलेल्या स्वस्त टॉर्चवर विश्वास ठेवू नका, खरे २००-३०० लुमेन पुरतात. झोत लांबवर फेकणारा नको, पायापुढची वाट उजळणारा हवा. डोक्याला बांधायचा हेडलॅम्प सगळ्यात सोयीचा, हातात ताट किंवा टाळ असले तरी चालतं. फक्त मान खाली ठेवायची सवय लागते.

मच्छरदाणीबद्दल जरा थांबून सांगतो, कारण या यादीत जीव वाचवणारी वस्तू कुठली म्हटलं तर हीच. गणपतीत माजघरात, पडवीत ओळीने अंथरुणं पडतात, सगळी जमिनीवर. मण्यार रात्री फिरते, उंदरामागे किंवा दुसऱ्या सापामागे घरात शिरते आणि झोपेत कूस बदलताना कुणाचा हात तिच्यावर पडला तर चावते. दंश जेमतेम मुंगी चावल्यासारखा, सूज नाही, बऱ्याचदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि घरातले 'काल प्रसाद जास्त झाला' म्हणत ओवा देत बसतात. तिथेच वेळ जातो.

बाजारात दोन प्रकार आहेत. छत्रीसारखी उघडणारी, खालून तळ असलेली, चेनची घडीची मच्छरदाणी: जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी हीच. खालून मोकळी असलेली जुन्या पद्धतीची टांगती मच्छरदाणी खाटेवर चांगली, पण ती गादीखाली चारही बाजूंनी खोचली तरच. जमिनीवर नुसती सोडलेली कड सापाला अडवत नाही. घडीच्या प्रकारात बिघाड ठरलेले आहेत. दोन चेनी जिथे एकत्र येतात तिथे बोटभर फट राहते, ती घेतानाच दुकानात लावून बघा. तारेची कडी वर्षा-दोन वर्षांत कापडातून बाहेर येते, तिथे पट्टी शिवून घ्या. रात्री कुणीतरी उठतं आणि चेन अर्धी उघडी टाकून झोपतं, त्याला इलाज घरातल्यांनीच करायचा. आणि मापापेक्षा मोठी घ्या: हातपाय जाळीला टेकले तर जाळीतूनही चावा बसतो. दोघांच्या मापात दोघंच, तिसरं पोर कोंबू नये.

घराच्या फटींसाठी लोखंडी वेल्ड जाळी, ६ मिमी म्हणजे पाव इंच भोकांची. अर्ध्या इंचाच्या जाळीतून पिल्लू आरामात जातं. जस्ताचा मुलामा असलेली स्वस्त, पण समुद्राकडच्या गावात दोन-तीन पावसाळ्यांत गंजते. तिथे ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या, एकदाच खर्च. संडासाचा व्हेंट पाइप, वळचणीची पोकळी, पोटमाळ्याचा झरोका, मोरीचं तोंड या जागा. जाळी खिळ्यांनी ठोकू नका, पट्टी आणि स्क्रूने बसवा. मोरीला मात्र काढता येईल अशी लावा. शितं आणि भाजीची देठं अडकून ती तुंबते, मग कुणीतरी उपटून फेकतं आणि पुढची पाच वर्षं भोक उघडं. दाराखाली रबरी पट्टी लावता येते, पण शेणाने सारवलेल्या उंचसखल जमिनीवर ती घासून फाटते. तिथे सुताराकडून लाकडी पट्टी ठोकून घेतलेली बरी. बोटाचं पेर जाईल एवढी फट राहिली तर काम झालं नाही असं समजा.

बागेला लावतात ती नायलॉनची जाळी साप रोखण्यासाठी कधीच वापरू नका. धामण त्यात अर्धी शिरते, मागे येता येत नाही, गुरफटून मरते. उंदरांचा चिकट पुठ्ठाही तसाच. उंदरामागे आलेला साप त्यावर चिकटला की सोडवणाऱ्याला खाद्यतेल लावून तासभर खपावं लागतं. त्याऐवजी तारेचा पिंजरा आणि तांदळाला झाकणाची पत्र्याची कोठी. उंदीर गेले की साप यायचं निम्मं कारण जातं.

शेवटी सेवा, ज्यांना पैसे नाही पण नंबर लागतो. वन विभागाची हेल्पलाइन १९२६, मुंबईतही आणि गावीही. फोनवर तालुका, गाव, वाडी आणि जवळची खूण सांगा. सापापासून सहा-सात फूट लांब राहून एकाने नजर ठेवायची, बाकीच्यांनी बाहेर. खोलीत असेल तर दार ओढून खाली फटीत ओलं गोणपाट कोंबायचं. पाणी, फिनेल, काठी काही नाही. साप दिसेनासा झाला की सर्पमित्र आला तरी हात हलवत परत जातो. चांगला सर्पमित्र ओळखायला सोपा: आकडा, पाइप आणि कापडी पिशवी घेऊन येतो, गर्दी हटवतो, साप पाइपातून पिशवीत आपोआप जाऊ देतो, नोंद करतो आणि जवळच्याच योग्य जागी सोडतो. नाग गळ्यात घालून सेल्फी देणारा, मुलांना हात लावायला देणारा, 'घरात आणखी तीन आहेत' म्हणून पैसे मागणारा असेल तर पुढच्या वेळी बोलवू नका.

चावलाच तर १०८. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा, हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून हलू देऊ नका, आवळपट्टी नाही, चिरा नाही. सापाला मारून सोबत न्यायची गरज नाही. आपल्याकडे मिळते ती प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच चालते. ती घरी आणून ठेवायची वस्तू नव्हे, शिरेतून द्यावी लागते आणि तीव्र अ‍ॅलर्जी आली तर तिथल्या तिथे उपचार लागतात. म्हणून निघण्याआधी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला एक फोन करा. लस आता साठ्यात आहे का, रात्री डॉक्टर असतो का आणि श्वासाचं यंत्र लागलं तर पुढे कुठे पाठवतात, एवढंच विचारा आणि उत्तरं फ्रिजवर चिकटवा.