हॅमॉकच्या स्ट्रॅपवर चिकटलेली राळ: आठ महिन्यांनंतर सांगते काय चाललं आणि काय नाही

हॅमॉक (दोन झाडांमध्ये टांगायची कापडी झोळी) खोडाला ज्या पट्ट्यांनी बांधतात ते माझे स्ट्रॅप पॉलिएस्टरचे आहेत, साधारण अडीच सेंटीमीटर रुंद, ओळीने लूप शिवलेले. मजबुतीबद्दल काही तक्रार नाही, रात्री दव पडलं तरी ताणले जात नाहीत (आधीचे नायलॉनचे होते, ते ओले झाले की पहाटेपर्यंत पाठ जमिनीला टेकायची). पहिले दोन महिने सगळं मस्त चाललं. मग एकदा पाइनच्या झाडांना सलग दोन रात्री हॅमॉक बांधला, आणि तेव्हापासून हे स्ट्रॅप साफ करणं हा माझा पार्टटाइम जॉबच झालाय.

गंमत म्हणजे बांधताना काहीच कळलं नाही. संध्याकाळी गारवा होता, खोड हात लावून बघितलं तर कोरडं. सकाळी दहा-अकराला ऊन थेट खोडावर आलं आणि तीच कोरडी वाटणारी राळ मऊ पडून स्ट्रॅपच्या विणीत शिरली, वर माझं वजन, वर झोका घेताना होणारं घासणं, म्हणजे दाबून भरल्यासारखीच. आता मी बांधायच्या आधी टॉर्च मारून खोड बघते, वाळलेली पांढरट-पिवळी ओघळ दिसली की दुसरं झाड. फरच्या काही झाडांच्या सालीत तर राळेचे बारीक फोड असतात, ते स्ट्रॅपखाली आले की फुटतातच.

पहिली चूक केली ती पाण्याची. घरी आल्यावर स्ट्रॅप गरम पाण्यात साबण घालून भिजवले आणि ब्रशने घासत बसले. डाग होता नाण्याएवढा, झाला वीतभर. नंतर डोकं चाललं की आपण झाडातून येणाऱ्या सगळ्या चिकट गोष्टींना सरसकट चीक म्हणतो पण ते वेगवेगळं असतं. बाभळीसारख्या झाडाचा डिंक पाण्यात विरघळतो, तो भिजवून ठेवला की निघतो. पाइनची राळ पाण्यात विरघळत नाही, तिला अल्कोहोल, तेल किंवा टर्पेंटाइन लागतं (टर्पेंटाइन निघतं मुळात त्याच राळेतून). म्हणून आता आधी डागाच्या कडेला पाण्याचा थेंब टाकून पाच मिनिटं थांबते, बोटाला बुळबुळीत लागलं तर डिंक, काहीच फरक नाही तर बहुतेक राळ.

दुसरी चूक तेल. तेलाने राळ सुटते हे खरंय, हाताला लागलेली तर मी आजही तेलानेच काढते, दोन मिनिटांत निघते. पण स्ट्रॅपवर नको. राळ गेली, तेल विणीत राहिलं, भांड्याच्या साबणाने तीनदा धुतलं तरी जरा ओशटपणा होताच आणि पुढच्या ट्रिपला त्यावर इतकी माती बसली की आधीचा डाग बरा होता असं वाटलं.

तिसरी चूक सांगायला लाज वाटते, इस्त्री. कागद ठेवून वरून इस्त्री फिरवली की मेण निघतं ना कपड्यावरचं, तसंच होईल असं वाटलं. थोडी कागदाला आली, उरलेली पातळ होऊन आतल्या धाग्यांत गेली आणि तो लूप आजही पुठ्ठ्यासारखा कडक आहे. आणि ज्यांचे स्ट्रॅप किंवा दोऱ्या डायनिमाच्या (हलका पण खूप मजबूत सिंथेटिक धागा) आहेत त्यांनी तर इस्त्रीचा विचारही करू नका, तो धागा दीडशे अंशांच्या आसपासच वितळतो.

आता काही महिने एकच पद्धत वापरतेय. स्ट्रॅप झिपच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये दोन-तीन तास. राळ काचेसारखी ठिसूळ होते, मग स्ट्रॅप उलटसुलट वाकवला की तुकडे टपटप पडतात, उरलेलं जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवडायचं. सुरी नको, एक धागा कापला गेला तर त्याच धाग्यांवर आपण झोपणार आहोत. हे बाहेर काढल्याबरोबर लगेच करायचं, राळ पुन्हा मऊ व्हायला वेळ लागत नाही.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. खाली जुना सुती कपडा, वरून दुसऱ्या कपड्याने अल्कोहोल लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि दाबून टिपायचं, घासायचं नाही. राळ खालच्या कपड्यात उतरते, तो सरकवत राहायचं. माझा एक डाग पाच-सहा वेळा टिपल्यावर गेला. ७० टक्केवालं पण चालतं पण हळू, त्यात पाणी असतं ना. ९९ टक्केवाल्याने निम्म्या वेळात काम झालं. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली, अल्कोहोल पूर्ण टिपून घेतल्याशिवाय पाण्याखाली धरायचं नाही. पाणी लागलं की विरघळलेली राळ पांढरट होऊन परत धाग्यांवरच बसते. मी दोनदा असा सगळा उद्योग पाण्यात घालवला, शब्दशः.

शेवटी कोमट पाणी, थोडा साबण, आणि सावलीत वाळवणं. कडक उन्हात दिवसभर टांगून ठेवू नका, ऊन सिंथेटिक धागे कमजोर करतं. अल्कोहोल लावताना खिडकी उघडी ठेवा आणि गॅस, शेगडी, उदबत्ती काही जवळ नको, भडकन पेटतं. कोपऱ्यात आधी ट्राय पण करा, माझ्या स्ट्रॅपचा रंग टिकला पण टॅगवरची वजनमर्यादेची छपाई साफ पुसली गेली, आता ती मार्करने दुसरीकडे लिहून ठेवलीय.

कॅम्पवर फ्रीझर कुठून आणणार, तिथे सॅनिटायझर बरा पडतो, त्यातही बहुतेक वेळा अल्कोहोलच असतं. जेलचा चिकटपणा मागे राहतो, पण तो पाण्याने जातो. तेवढंही नसेल तर निदान स्ट्रॅप हॅमॉकच्या पिशवीत एकत्र कोंबू नका, मी कोंबले होते आणि राळ हॅमॉकच्या पातळ कापडाला लागली, त्या कापडावर खरवडायचीही भीती वाटते. आता स्ट्रॅपची पिशवी वेगळी.

इस्त्रीवाला लूप अजून तसाच आहे, शिवणीतली राळ काही केल्या निघत नाही. टाके तुटलेले नाहीत, पण कडक झालेल्या जागी आतून काय झालंय ते दिसत नाही म्हणून मी त्याच्यावर वजन टाकत नाही, त्याच्या पुढचा लूप वापरते.