‘बुटका’ रेडटेल आणि दुकानातला ‘पूर्ण वाढलेला’ मासा

रेडटेल कॅटफिशच्या पिल्लाची भुरळ पडतेच. बोटभर लांबी, काळसर पाठ, बाजूला पांढरा पट्टा, केशरी शेपूट आणि अंगाच्या मानाने भल्यामोठ्या मिशा. ते मला विकताना विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं, की ही बुटकी जात आहे, फूटभराच्या वर जात नाही. शिवाय मासा टाकीच्या मापानेच वाढतो. आणि झालाच मोठा, तर आणून द्या, परत घेऊ. पुरावा म्हणून दुकानातली टाकी दाखवली. “हा बघा, दोन वर्षांचा. पूर्ण वाढ झालेला.” मासा जेमतेम वीतभर होता.

रेडटेलची अशी बुटकी जात नसते. हा ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यांतला मासा. ब्राझीलमध्ये त्याला पिरारारा म्हणतात, आणि गळ टाकणारे हौशी लोक त्याच्या मागे लागतात ते त्याच्या आकारासाठीच. तो मीटरभराच्या पुढे वाढतो. गळाला लागलेल्या काही माशांचं वजन 50 किलोच्या वर भरलेलं आहे.

आता घरातली टाकी बघा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच म्हटली तरी काठोकाठ 255 लिटर पाणी. रुंदी 45 सेंटिमीटर. मीटरभर लांबीचा मासा त्यात वळणार कसा? शिवाय माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, आणि त्या मानाने खाणं आणि घाणही वाढते. माझा मासा पहिल्या वर्षातच फूटभराच्या पुढे गेला. पाणी कितीही बदला, घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया हटेना. सोबतचे छोटे मासे एकेक करून त्याच्या पोटात गेले, तळातले खडेसुद्धा तो गिळून ओकायचा.

“टाकीएवढाच वाढतो” याला विक्रेता बोन्सायचा दाखला द्यायचा. त्यात एवढंच खरं आहे की अपुऱ्या जागेत, खराब पाण्यात माशाची वाढ खुंटते. पण असा मासा लहान जातीचा होत नाही, आजारी होतो. पाठ वाकते आणि आयुष्य घटतं.

खरी लबाडी उघडी पडली ती फोटोंमुळे. त्याच्या ‘पूर्ण वाढलेल्या’ माशाचे फोटो मी पहिल्या भेटीत काढले होते, पुढे पुन्हा काढले. रेडटेलच्या डोक्यावर आणि पाठीवर काळे ठिपके असतात. दोन्ही फोटोंत त्यांची मांडणी पार वेगळी. मासा तेवढाच होता, कारण मासाच दुसरा होता! वाढला की काढायचा, त्या जागी लहान आणून सोडायचा. विचारल्यावर उत्तर मिळालं, “ठिपके बदलतात हो.” आणि परत घेण्याचं? “एवढा मोठा कोण घेणार?” म्हणजे मोठा होतो हे त्याला ठाऊकच होतं.

हीच थाप इतर माशांवरही चालते. ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा पंगॅशियस मीटरभराच्या पुढे जातो आणि घाबरला की काचेवर आपटतो. ॲलिगेटर गार दोन मीटरच्या पुढे वाढू शकतो. अरापैमा तर त्याहूनही मोठा. शिवाय तो साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये आहे, तेव्हा त्याची कागदपत्रं मागितलीच पाहिजेत. अशा माशांना तलावाएवढी जागा आणि तसंच दणकट फिल्टर लागतं. बैठकीतल्या काचेच्या पेटीत ते जमत नाही, मग विकणारा काहीही सांगो.

मोठा झालेला मासा द्यायचा कुठे, हा वेगळाच ताप. सार्वजनिक मत्स्यालयांकडे असे नकोसे झालेले रेडटेल आधीच इतके येतात की मला नकारच मिळाला. “नदीत सोडून द्या” हा सल्लाही त्याच विक्रेत्याचा. पनामातल्या गातून तलावात पीकॉक बास हा असाच गळ टाकणाऱ्यांचा आवडता, शिकारी परका मासा पोहोचला आणि तिथले कितीतरी स्थानिक मासे त्याने संपवले. त्यामुळे तो सल्ला मी ऐकला नाही. बऱ्याच शोधाशोधीनंतर मोठा बंदिस्त तलाव असलेल्या एका जाणकाराने मासा घेतला. मासा बघायच्या आधी त्याने विचारलं, “दुकानदाराने बुटका म्हणून दिला का?”